निर्णय कोणाचा, काम कोणाचे?

आपल्या अनेक घरांतील मुले-मुली, सुना आणि जावई आज पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळूरला सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करतात. सणासुदीला ते घरी आले की त्यांच्या बोलण्यात ‘स्क्रम’, ‘स्प्रिंट’, ‘प्रॉडक्ट ओनर’ असे शब्द येतात आणि वडीलधारी मंडळी ते ऐकून सोडून देतात. वास्तविक या शब्दांमागे जबाबदारीच्या वाटणीचा एक विचार आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून रोजमेळ आणि खतावणी संगणकावर गेली. आता साठा, बिले व उधारी यांसाठी स्वतःचे सॉफ्टवेअर करवून घेण्याचा विचारही काही पेढ्या करू लागल्या आहेत. अशा वेळी हा विचार आपल्या उपयोगाचा आहे.

पूर्वी सॉफ्टवेअर घडविण्याची रूढ रीत अशी होती, की सर्व मागण्या आरंभीच लिहून घ्यावयाच्या आणि तयार वस्तू अखेरीस एकदम हाती द्यावयाची. तोवर ग्राहकाची गरजच बदललेली असे. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन यांसारख्या कंपन्यांत नवे उत्पादन घडविणाऱ्या लहान गटांविषयी लेख लिहिला. रग्बीच्या संघाप्रमाणे चेंडू एकमेकांकडे देत सर्वांनी मिळून पुढे सरकावे, अशी उपमा त्यांनी दिली. त्याच खेळातील ‘स्क्रम’ हे नाव घेऊन जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये सॉफ्टवेअरसाठी नवी पद्धत मांडली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा जाणकारांनी एकत्र येऊन ‘ॲजाइल’ हे नाव व त्याची तत्त्वे जाहीर केली.

स्क्रमचा गट साधारणतः दहा किंवा त्याहून कमी माणसांचा असतो आणि त्यात तीन जबाबदाऱ्या असतात. काय करावयाचे आणि कोणते काम आधी, हे ‘प्रॉडक्ट ओनर’ ठरवितो. ते कसे करावयाचे आणि एका टप्प्यात किती पेलवेल, हे ‘डेव्हलपर’ ठरवितात. ठरलेली पद्धत पाळली जाते की नाही हे पाहणे आणि कामातील अडथळे दूर करविणे, हे ‘स्क्रम मास्टर’चे काम. तो साहेब नव्हे. कोणाला हुकूम सोडण्याचा अधिकार त्याला नसतो.

यांतील पहिली जबाबदारी आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असावी, समिती नसावी, असा स्क्रमचा स्पष्ट नियम आहे. समजा, लक्ष्मीपुरीतील एका धान्यपेढीने सॉफ्टवेअर करावयास दिले. थोरले बंधू म्हणतात, आधी उधारीची वसुली. मधले म्हणतात, गोदामाचा साठा. धाकट्यांना मोबाइलवर मागणी नोंदविण्याची सोय हवी. तिघांचेही म्हणणे रास्तच. परंतु तिघेही स्वतंत्रपणे फोन करू लागले, की तिन्ही कामे सुरू होतात आणि एकही पुरे होत नाही. पैसा जातो तो जातोच, वर भावाभावांत ‘तुझ्यामुळे झाले’ हा शब्द येतो. तो शब्द पैशाहून महाग पडतो.

बँकेत एकाने नोंद करावी व दुसऱ्याने तपासून मंजुरी द्यावी, असा दंडक असतो. दोघांची कामे निराळी व लिखित असल्यामुळे चूक कोठे झाली ते कळते. स्क्रममधील वाटणीचा हेतू याहून वेगळा आहे. तेथे एकाने दुसऱ्यावर पहारा ठेवावयाचा नसतो. परंतु प्रत्येकाने आपल्या कामाचे उत्तर द्यावे आणि दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

अडचण येते ती मानाची. पेढीचा कर्ता थोरला असला, तरी रोज बिलिंगला बसणारी सून किंवा जुने दिवाणजी यांना कामाची नस अधिक ठाऊक असू शकते. अशा व्यक्तीला प्रॉडक्ट ओनर नेमले, तर तिचा निर्णय घरातील सर्वांनी मानला पाहिजे. क्रम बदलावा असे थोरल्यांना वाटल्यास त्यांनी तिला पटवून द्यावे. तिला डावलून कारागिराला परस्पर सांगू नये. नाव तिचे आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी नेमणूक नसलेलीच बरी.

अधिकार दिला म्हणजे हिशेब सुटला, असेही नाही. एका टप्प्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. तो महिन्याहून मोठा नसतो. गट रोज पंधरा मिनिटे भेटून कामाचा आढावा घेतो आणि टप्प्याच्या शेवटी तयार झालेला भाग सर्वांसमोर चालवून दाखवितो. थोरल्यांनी आपले अनुभवाचे बोल तेथे अवश्य सांगावेत. चुकलेली दिशा महिन्याच्या आत कळते, वर्षाअखेर नव्हे.

म्हणून सॉफ्टवेअरचा सौदा ठरविताना दर आणि मुदत यांच्याआधी एक गोष्ट कागदावर यावी : आपल्या बाजूने निर्णय देणाऱ्या एका व्यक्तीचे नाव. घरातील सर्वांनी त्याखाली सही करावी आणि मगच इसाऱ्याची रक्कम द्यावी.