शेडचे पत्रे बदलताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

औद्योगिक वसाहतींतल्या अनेक जुन्या शेडांवर अजून सिमेंटचे पत्रे आहेत. ते गळू लागले की चौरस फुटाचा दर विचारून धातूचे पत्रे टाकले जातात. पण छप्पर टिकते ते पत्रा, सांगाडा, स्क्रू आणि पन्हळ यांच्या एकत्र जुळणीवर. दर ठरवण्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : सिमेंटचा जुना पत्रा फोडून खाली टाकला तरी चालतो.
वस्तुस्थिती : या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फोडला, कापला की ते धुळीतून फुप्फुसात जातात. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अखंड उतरवावेत आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळावेत. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्कच लागतो. जुना पत्रा पायाखाली अचानक फुटतो. त्यामुळे वर चालायला फळ्या, खाली जाळी आणि कामगाराच्या अंगावर सुरक्षापट्टा हवाच. यात काटकसर करण्याचा हक्क कुणालाच नाही.

गैरसमज : नवा पत्रा हलका, म्हणजे सांगाडा तपासायला नको.
वस्तुस्थिती : सिमेंटच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण 13 किलो, तर अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचे सुमारे 5 किलो. वजन घटले की वाऱ्याला छप्पर उचलणे सोपे जाते. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरतात. पुण्यासाठी 39 मीटर. 44 मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो वजनाइतका भरतो. छपराच्या कडा आणि कोपऱ्यांवर वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते, म्हणून तिथे स्क्रू कमी अंतरावर लागतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात उडालेली छपरे अनेकांना आठवत असतील. गंजलेल्या कैच्या आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे दांडे) स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासल्याशिवाय नवा पत्रा चढवू नये.

गैरसमज : पत्रा जितका जाड, तितका टिकाऊ.
वस्तुस्थिती : गंज थोपवतो तो मुलामा. गॅल्व्हाल्यूम पत्र्याच्या मुलाम्यात 55 टक्के ॲल्युमिनियम असते आणि उरलेल्यात मुख्यतः जस्त. कोटेशनमध्ये मूळ पोलादाची जाडी आणि चौरस मीटरला किती ग्रॅम मुलामा, हे दोन्ही वेगवेगळे लिहून घ्या. खाऱ्या हवेत तर हे विसरूच नका.

गैरसमज : गळती थांबवायला सिलिकॉन पुरेसे आहे.
वस्तुस्थिती : पाणी बहुतेकदा स्क्रूची भोके, जोड आणि पन्हळीतून शिरते. तापमान 40 अंशांनी बदलले की 30 मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे 14 मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. या हालचालीला जागा ठेवली नाही, तर भोके रुंदावतात आणि सिलिकॉन सुटून येते.

गैरसमज : सोलर आता बसवू, छपराचे पुढे पाहू.
वस्तुस्थिती : सोलर पॅनेल साधारण 25 वर्षे चालतात. त्याआधी पत्रे बदलावे लागले, तर सगळी मांडणी उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च पडतो.

कोटेशन मागवताना सांगाड्याचा तपासणी अहवाल, वाऱ्याचा हिशेब, मुलाम्याचा तपशील आणि जुने पत्रे उतरवण्याची पद्धत लेखी मागा. त्यानंतरच दरांची तुलना करा.