कपिलच्या आधीचा आपला अष्टपैलू : दत्तू फडकर

भारताचे वेगवान गोलंदाज-अष्टपैलू म्हटलं की कपिल देवचं नाव येतं. पण त्याच्या तीस वर्षं आधी कोल्हापूरच्या एका पठ्ठ्याने ही दुहेरी जबाबदारी पेलली होती. दत्तात्रय गजानन फडकर, जन्म १२ डिसेंबर १९२५.

पदार्पण डिसेंबर १९४७, सिडनी. समोर ब्रॅडमनचा संघ. फडकरांनी खालच्या क्रमांकावर येऊन ५१ धावा केल्या, मग ओल्या खेळपट्टीवर अवघ्या १४ धावांत ३ बळी घेतले. ऑस्ट्रेलिया १०७ वर गारद! त्याच दौऱ्यात अ‍ॅडलेडला त्यांनी १२३ धावा ठोकल्या. १९४९ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजचे एका डावात ७ बळी टिपले.

मला सर्वांत भावते ती १९५२ ची लीड्स कसोटी. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रूमनच्या माऱ्यापुढे दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य आणि चार गडी बाद! पाचवा गेला २६ वर. तिथून सांगलीचे विजय हजारे आणि कोल्हापूरचे फडकर उभे राहिले. १०५ धावांची भागीदारी झाली, त्यात फडकरांच्या ६४. सामना हरलो, पण लाज राखली.

एकूण ३१ कसोटी, १२२९ धावा, २ शतकं, ६२ बळी. फिरकीला पोषक खेळपट्ट्यांच्या देशात नवा चेंडू हाती घेऊन केलेली ही कमाई आहे.

१९८५ मध्ये ते गेले. आपल्या मुलांना हे नाव जरूर सांगा.

#दत्तूफडकर #कोल्हापूर #क्रिकेट