बढती वरून खाली

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की अंधेरी-जोगेश्वरीच्या वस्त्यांमध्ये गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. तिथून दहीहंडीपर्यंत जेमतेम सव्वा महिना मिळतो. दिवसभर मरोळच्या एमआयडीसीत नाहीतर एखाद्या मॉलमध्ये राबलेली, कुरियरची पार्सलं वाटलेली, कॉलेजात शेवटच्या बाकावर पेंगलेली पोरं रात्री नऊ-दहाला मैदानात जमतात. ती हजेरी लावतात, वर्गणीचा हिशेब ठेवतात, टी-शर्टचे माप लिहून घेतात, ट्रकवाल्याशी घासाघीस करतात, विम्याचे अर्ज भरतात आणि मग एकमेकांच्या खांद्यावर चढतात. या सगळ्याला कुणी ‘युवा नेतृत्व विकास’ म्हणत नाही. माझ्या मते मात्र या उपनगरात तो सर्वांत नेमाने चालतो तो इथेच.

अधिकृत बाजू आधी उरकून घेऊ, नाहीतर संपादक रागावतील. देश स्वतंत्र झाल्यावर कारागीर प्रशिक्षण योजना आली 1950 साली, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961चा. पंतप्रधान कौशल्य विकास योजना 15 जुलै 2015ला सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक युवा कौशल्य दिनही 15 जुलैलाच असतो. महाराष्ट्राने कौशल्य विद्यापीठ काढलं, त्याला आता रतन टाटा यांचं नाव आहे. 2024मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिच्यात बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय वा पदविकावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन ठरलं. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत तरुणांची संख्या मोठी आणि नोकऱ्या थोड्या असलेल्या बहुतेक देशांत अशाच योजना दिसतात: काही महिन्यांचा वर्ग, एक परीक्षा, एक प्रमाणपत्र. वेल्डिंग, नळजोडणी, संगणक हे असं शिकवता येतं, आणि शिकवायलाच हवं. पण वीस माणसं आपल्या शब्दावर उभी राहतील, ही गोष्ट वर्गात कशी शिकवणार?

पूर्वी ती कारखान्यात शिकायला मिळायची. आजची अंधेरी म्हणजे काचेच्या इमारती आणि मेट्रो, पण एके काळी पार्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंत कारखानेच कारखाने होते. निर्यात उद्योगांसाठीचं सीप्झ 1973 साली उभं राहिलं, त्याच्या आधीपासून गोल्डन टोबॅको, एक्सेल इंडस्ट्रीज, टाटा स्पेशल स्टील यांचे भोंगे वाजत. पार्ले स्टेशनवर गाडी थांबली की बिस्किटांचा वास डब्यात शिरायचा आणि डोळे मिटूनही स्टेशन ओळखता यायचं. 1929पासूनचा तो कारखाना 2016मध्ये बंद पडला. कारखान्यात पोरगा हेल्पर म्हणून लागायचा, मिस्त्रीच्या हाताखाली घडायचा, युनियनच्या सभेत उभं राहून बोलायला शिकायचा. कारखान्यांबरोबर ती शाळाही गेली.

तिचा एक तुकडा मात्र मागे राहिला. आझाद नगरचा गणपती, ज्याला सगळी मुंबई ‘अंधेरीचा राजा’ म्हणते, तो 1966 साली गोल्डन टोबॅको, एक्सेल आणि टाटा स्पेशल स्टीलच्या कामगारांनी बसवला. सत्तरच्या दशकात कामगारांवर संपाचं आणि टाळेबंदीचं संकट आलं तेव्हा त्यांनी नवस बोलला: यातून सुटका झाली तर विसर्जन अनंत चतुर्दशीला न करता संकष्टीला करू. सुटका झाली आणि प्रथा पडली. आजही मुंबईचे बाकी गणपती गेल्यावर अंधेरीचा राजा संकष्टीच्या संध्याकाळी निघतो आणि गल्लोगल्ली आरत्या घेत दुसऱ्या दिवशी वेसाव्याच्या किनाऱ्यावर पोचतो. ही मिरवणूक मी बरीच वर्षं रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत आलो आहे. मूर्तीपेक्षा माझं लक्ष दोर धरणाऱ्या कार्यकर्त्यांकडे असतं. वाटेतली खाली आलेली केबल बांबूने उचलणारा, रुग्णवाहिका आली की दहा सेकंदांत गर्दी दुभंगवणारा, हवालदाराशी न भांडता त्याला आपल्या बाजूला वळवणारा. हा पोरगा उद्या विमानतळाच्या सामान विभागात पाळीप्रमुख झाला तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

पण गणपतीवर खूप लिहून झालंय. माझा जीव अडकलाय तो गोविंदात.

जोगेश्वरी हे अंधेरी तालुक्यातलंच. इथल्या जय जवान पथकाने 2012 साली ठाण्यात नऊ थर लावले, उंची भरली 43.79 फूट, आणि 1981पासून स्पेनकडे असलेला गिनेसचा विक्रम जोगेश्वरीत आला. पुढे 2025मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर रचले, आणि त्याच दिवशी जय जवाननेही दहा लावले. एका उपनगराच्या एका कोपऱ्यातली दोन पथकं जगाच्या पुढे आहेत, आणि दोन्हींमधली बहुतेक पोरं चाळी, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) इमारती आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांमधली. ठाण्याच्या मैदानात लोक वर बघून टाळ्या वाजवतात. मी गर्दीत वाकून खाली बघतो, म्हणून आजूबाजूचे मला वेडा समजतात.

खाली काय असतं? पहिल्या थरात पोरं आत तोंड करून गोल उभी राहतात, हात एकमेकांच्या खांद्यांवर, माना खाली. त्यांच्याभोवती आणखी कडी, पाठीला छाती लावून उभी असलेली. वरून येणारं वजन सरळ खाली यायला हवं. एक खांदा बोटभर कलला तर तो कल वर जाता जाता वाढत जातो आणि सातव्या थरावर माणूस हवेत असतो. त्यामुळे पहिल्या थरातल्याला वर बघायची बंदी. हंडी फुटली की नाही हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. वरचे थर आधी उकिडवे बसतात आणि शिट्टी झाली की एकेक थर उठतो. सगळ्यात वर एकावर एक एकटे उभे राहणारे ते ‘एक्के’. तीन एक्के लागणं म्हणजे पथकाची इभ्रत. आणि शिट्टी असते बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या तोंडात. पथकात सबंध मनोरा फक्त त्यालाच दिसतो आणि मनोऱ्याचा भाग नसतो तो फक्त तोच.

आता यातली खरी गंमत सांगतो. कंपनीत माणूस खालून वर चढतो. पथकात बढती वरून खाली होते. लहान, हलका, न घाबरणारा पोरगा वरच्या थरावर सुरुवात करतो, टाळ्या त्याला, फोटो त्याचा. दोन-तीन वर्षांत उंची वाढते, वजन वाढतं आणि तो मधल्या थरात येतो. तिथे त्याला उचलायचंही असतं आणि उभंही राहायचं असतं. आणखी काही वर्षांनी तो तळात, जिथे त्याचं तोंड कुठल्याच वाहिनीवर दिसत नाही. आणि तळात मुरलेल्यातूनच शिट्टीवाला निवडला जातो. म्हणजे प्रमुखाच्या जागी पोचणारा माणूस प्रत्येक थराचं दुखणं स्वतःच्या खांद्यावर भोगून आलेला असतो. व्यवस्थापनाचं कुठलं महागडं महाविद्यालय असा अभ्यासक्रम देतं?

एका पथकाच्या सरावाला मी अधूनमधून जाऊन बसतो. नाव सांगत नाही, पोरं लाजतात. जुलैची रिपरिप चालू, शाळेच्या पटांगणावर एकच हॅलोजन. थर लावण्याआधी एक मध्यमवयीन दादा रांगेतून फिरत पायांची नखं तपासत होते. वाढलेलं नख खालच्याच्या खांद्यात रुततं आणि तो हलतो. खिशात नेलकटर तयार. तेवढ्यात एक दणकट पोरगा धावत आला, अंगावर डिलिव्हरी कंपनीचा भिजलेला टी-शर्ट.

“दादा, हायवेला ट्रॅफिक होतं.”

“मग त्या ट्रॅफिकलाच सांग आज थर लावायला. बस तिकडे.”

तो तळातला भरवशाचा माणूस होता, तरी पूर्ण रात्र बाहेर बसला. कुणी त्याची बाजू घेतली नाही, आणि त्यानेही तोंड पाडलं नाही. उलट चढणाऱ्यांचे ओले तळवे फडक्याने पुसून द्यायला तोच पुढे झाला. सहा थर लागले, मग दादांनी उतरवायला सांगितलं. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, कारण दमलेले पाय आणि निम्मं लक्ष घराकडे. थर जिथे कोसळायचे तिथे बहुतेक वेळा उतरताना कोसळतात, असं दादांचं म्हणणं.

याच मुद्द्यावर मला कातालोनियाची आठवण येते. स्पेनच्या त्या भागात माणसांचे मनोरे रचायची जुनी परंपरा आहे, 2010मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. वर चढलेल्या मुलाने हात उंचावला की मनोरा रचला गेला असं धरतात, पण जो मनोरा न कोसळता थराथराने सुखरूप उतरतो त्याची पत जास्त. त्यांच्या पथकांत आजी-आजोबांपासून नातीपर्यंत सगळं गाव असतं. आपल्याकडे हंडी फुटली की बक्षीस पदरात. उतरवण्याला घसघशीत गुण ठेवले, तर निम्मे अपघात टळतील असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

अपघातांचं झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोरं जायबंदी झाली आहेत, जीवही गेले आहेत. बक्षिसांच्या रकमा लाखांत गेल्या, राजकीय पुढाऱ्यांचे फलक हंडीपेक्षा उंच झाले आणि थरांची चुरस लागली. 2014 साली उच्च न्यायालयाने उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालच्यांना मनाई केली. 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात सूट दिली नाही. 2017मध्ये उंचीची अट गेली आणि वयाची मर्यादा 14वर आली. वयाच्या अटीवर पथकांनी फार आरडाओरडा केला, पण तिचा एक फायदा झाला. वरचा गोविंदा वयाने मोठा म्हणजे वजनाने जड, आणि जड एक्का तोलायचा तर तळाची बांधणी सुधारण्यावाचून गत्यंतर नाही. चिमुरड्यांच्या हलकेपणावर उंची मारून नेण्याचे दिवस संपले. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवं होतं.

2022मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, मृत्यू झाल्यास 10 लाखांची भरपाई जाहीर केली आणि खेळाडूंच्या 5 टक्के कोट्यातून गोविंदांना नोकरीची दारं उघडली. पाठोपाठ 2023ला प्रो गोविंदा स्पर्धा आली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे कोट्यावर चिडले, त्यांचंही चूक म्हणवत नाही. चार वर्षं अभ्यासिकेत डोळे फोडणाऱ्याला ‘थर लावले म्हणून नोकरी’ हे कसं पटावं? माझा आक्षेप जरा वेगळा आहे. कोटा खेळाडूला मिळेल, म्हणजे फोटोतल्याला. हजेरीची वही सांभाळणारा, जखमीला कूपर रुग्णालयात घेऊन जाणारा, आईबापांची समजूत घालणारा, अडीचशे जणांचा ट्रक-नाश्ता-पाणी वेळेवर पोचवणारा जो आहे, त्याच्या अंगच्या गुणांची नोंद कुठल्या रकान्यात होणार? कौशल्य योजनेत आधीपासून अवगत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. गवंड्याला, सुताराला ती मिळते. मंडळाचा कार्यकर्ता तिच्यात बसवायचा विचार कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

मुलींचं काय, हा प्रश्न माझ्या मुलीने मला विचारला आणि तो वाजवी आहे. पार्ले स्पोर्ट्स क्लबचं महिला पथक शेजारच्याच पार्ल्यातलं. त्यांचे थर मी पाहिले आहेत. तळातल्या मुलींची शिस्त पोरांपेक्षा कडक. सराव मात्र सोपा नाही: रात्री साडेदहाला मुलगी मैदानातून घरी कशी येणार, इथपासून सुरुवात. त्यामुळे ज्या मुली टिकतात त्या घरच्यांशी वाटाघाटी करण्यात आधीच तरबेज झालेल्या असतात. त्यांची बक्षिसं मात्र पुरुषांपेक्षा कमी का असावीत, याचं समाधानकारक उत्तर मला कुठल्याच आयोजकाकडून मिळालेलं नाही.

आणखी एक धोका सांगायला हवा. मंडळातून पुढे आलेला पोरगा बरेचदा एखाद्या पक्षाच्या शाखेत अडकतो आणि फलक बांधण्यात तिशी गाठतो. अंगात पुढारपण आहे, पण त्याचा रस्ता एकाच दिशेला जातो, कारण दुसऱ्या कुठल्या दाराशी त्याला कुणी बोलावलेलंच नसतं. हा दोष त्या पोरांचा नाही. आयटीआयचा प्राचार्य, एमआयडीसीतला कारखानदार, हॉटेलचा व्यवस्थापक, यांनी जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या सरावाला जाऊन बसावं. तिथे उमेदवाराची मुलाखत घ्यायची गरजच उरत नाही, सगळं डोळ्यांसमोर चाललेलं असतं.

अंधेरीतल्या बड्या कंपन्या दरवर्षी कर्मचाऱ्यांना बसमध्ये घालून कर्जत-लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेतात. तिथे एक इंग्रजीतला प्रशिक्षक त्यांना डोळे मिटून मागे पडायला आणि सहकाऱ्यांनी झेलायला शिकवतो, म्हणजे परस्परविश्वास वाढतो म्हणे. प्रशिक्षकाची फी, जेवण, बस धरून चांगला खर्च होतो. होऊ दे. पण पुढची सहल ठरवण्याआधी साहेबांनी एकदा लिफ्टने खाली यावं आणि गेटवर पार्सल घेऊन उभ्या असलेल्या पोराला विचारावं, “काय रे, दहीहंडीला तू कितव्या थराला असतोस?”

उत्तर ‘पहिल्या’ असं आलं, तर त्याचा फोन नंबर लिहून घ्यावा.