श्वासयंत्राच्या आतील हवेची वाट

दीर्घकालीन श्वासविकार अथवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार जडलेल्या रुग्णास आता घरीच यंत्राचे साहाय्य घेता येते. एके काळी मोठ्या रुग्णालयांतच दिसणारी ही उपकरणे कोविडच्या साथीपासून हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही परिचयाची झाली. यंत्र घेताना त्याची किंमत, आवाज आणि विजेचा खर्च यांची चौकशी होते. यंत्राच्या आत हवा कोणकोणत्या पदार्थांना स्पर्श करून येते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक पहिला प्रश्न तोच असावयास हवा; कारण तीच हवा रुग्ण रात्रभर, वर्षानुवर्षे फुप्फुसात घेत असतो.

या प्रश्नाचे महत्त्व जगाला २०२१ मध्ये पटले. फिलिप्स कंपनीने १४ जून २०२१ रोजी आपली झोपेतील श्वासविकारावरील यंत्रे व काही व्हेंटिलेटर परत मागविण्याची घोषणा केली. अशा यंत्रांची जगभरातील संख्या पन्नास लाखांहून अधिक होती. दोष पंख्यात नव्हता, विद्युत मंडलातही नव्हता. पंख्याचा आवाज दबावा म्हणून आत बसविलेला पॉलिएस्टर-पॉलियुरेथेन जातीचा मऊ स्पंज उष्णता व दमटपणा यांनी हळूहळू विघटित होत होता. त्याचे काळे कण व त्यातून निघणारी रसायने हवेबरोबर रुग्णाच्या श्वासमार्गात जाण्याचा संभव होता. ओझोन वायूने यंत्र स्वच्छ करण्याची जी पद्धत काही रुग्णांनी स्वीकारली होती, तिने विघटनास वेगच येई. स्वच्छतेचा उपायच अपायकारक ठरावा, हे विलक्षण खरे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाची गणना सर्वांत गंभीर वर्गात केली. पुढे बदली यंत्रांत सिलिकॉनचा स्पंज वापरण्यात आला.

अशा धोक्यांसाठी आयएसओ १८५६२ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. यंत्रातील ज्या ज्या भागावरून श्वासाची हवा जाते, तो प्रत्येक भाग तिच्या कक्षेत येतो. मग ती नळी असो, झडप असो वा गाळणी. हवेबरोबर किती सूक्ष्म कण येतात, पदार्थातून कोणती बाष्पे सुटतात आणि नळीत साचलेल्या पाण्यात काय विरघळते, यांची परीक्षा तीत सांगितली आहे. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण एक घनमीटर हवेत १२ मायक्रोग्रॅमच्या आत असावे, अशी २०१७ च्या मानकातील मर्यादा होती.

प्राणवायू सांद्रकाची गोष्ट थोडी निराळी आहे. हे यंत्र खोलीतील हवा ओढून झिओलाइटच्या बारीक खड्यांमधून दाबाने नेते. खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू पुढे येतो. ओलाव्याने झिओलाइटची शक्ती क्षीण होते. यंत्र चालू दिसते, हवाही येते, परंतु तीत प्राणवायू कमी असतो. धुळीने बाहेरची गाळणी तुंबली तर यंत्र तापते. सोयाबीनच्या मळणीच्या व हळद पॉलिश करण्याच्या दिवसांत सेनगाव परिसरातील कुटुंबांना धुळीची ओळख करून देण्याची गरज नाही. त्या दिवसांत गाळणीकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. ती धुतल्यास पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. बुडबुड्यांच्या बाटलीत नळाचे पाणी न घालता ऊर्ध्वपातित पाणी वापरावे आणि ते रोज बदलावे.

हवा शुद्ध असली तरी यंत्राने ठरलेले काम न केल्यास रुग्णाच्या जिवावर बेतते. २०२१ मध्ये पीएम केअर्स निधीतून औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यांतील ५५ बीड, परभणी, उस्मानाबाद व हिंगोली या जिल्ह्यांच्या वाट्यास आले. वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचा अहवाल मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. केंद्र शासनाच्या वतीने यंत्रांच्या हाताळणीकडे बोट दाखविण्यात आले. न्यायालयाने त्याबद्दल नाराजी व्यक्त केली. वाद कोणाच्या बाजूने मिटला यापेक्षा, रुग्णाला जोडण्यापूर्वी प्रत्येक यंत्राची जागेवर चाचणी व्हावी, हा मुद्दा जिल्ह्यातील रुग्णालयांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

देशात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली. त्यामुळे घेताना उत्पादकाचे अथवा आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक व यंत्राचा अनुक्रमांक पावतीवर मागून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. यंत्र परत मागविले गेल्यास अनुक्रमांकावरूनच ते ओळखता येते. जुने यंत्र हातोहात विकत घेणाऱ्याकडे नेमका हाच दुवा नसतो.

नळीत काळे कण दिसले, हवेला उग्र वास आला किंवा खोकला, डोकेदुखी सुरू झाली, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्वरित कळवावे; यंत्र परस्पर बंद करू नये, कारण काही रुग्णांना ते थांबविणेही धोक्याचे असते. अशा तक्रारींच्या नोंदीसाठी भारतीय औषधसंहिता आयोग, गाझियाबाद यांच्यामार्फत २०१५ पासून उपकरण-दक्षता कार्यक्रम चालविला जातो. त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा असून रुग्णाला अथवा त्याच्या नातेवाइकाला स्वतः तक्रार नोंदविता येते.