विजेची गिटार आणि नादाची जाति

नादाचे तीन धर्म संगीतशास्त्रांत सांगितले आहेत: उंचनीचता, लहानमोठेपणा आणि जाति. बासरी व सारंगी एकाच स्वरावर, एकाच जोरानें वाजल्या तरी डोळे मिटून बसलेला मनुष्य दोन्ही वाद्यें ओळखतो, तो या तिसऱ्या धर्मामुळें. हे धर्म परस्परांपासून वेगळे मानण्याचा प्रघात आहे. परंतु विजेवर चालणारी गिटार वाजविणाऱ्याला हा वेगळेपणा फसवा वाटूं लागतो. आवाज लहान करावा म्हणून तो वाद्यावरची कळ थोडी मागें फिरवितो, आणि आवाजाबरोबर नादाची जातिहि बदलते. खणखणीतपणा जाऊन, पावसाळी हवेंत उतरलेल्या तबल्यासारखा सूर बोदा होतो.

ही अडचण क्षुल्लक नव्हे. गिटारला वीज जोडली गेली ती मुळांत मोठ्या आवाजासाठीं. 1939 सालीं अमेरिकेंत चार्ली ख्रिश्चन हा बेनी गुडमनच्या संचांत आला, आणि क्लॅरिनेट व व्हायब्राफोन यांच्या बरोबरीनें गिटारचे एकेरी सूर श्रोत्यांच्या कानीं पडूं लागले. पण मोठा आवाज मिळाला म्हणजे साथ साधली असें नाहीं. गायक गात असतां मागें राहावें, त्यानें जागा दिली कीं पुढें यावें, हें साथीदाराचें खरें काम. आणि एका गाण्यांत तें अनेकदां करावें लागतें. कळ मागें घेतली कीं सूर मरतो अशी धास्ती बसलेला वादक ती पूर्ण उघडीच ठेवतो, आणि बिचारा गायक झांकला जातो.

दोष कोठें आहे? गिटारच्या पोलादी तारांखालीं पिकअप असतो: चुंबक, आणि त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. तार कंप पावली कीं त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो आवाजाच्या कळेंत शिरतो. कळेच्या पोटांत कार्बनची वर्तुळखंडासारखी पट्टी असून तिच्यावर एक स्पर्शक सरकतो. पट्टीचा रोध बहुधा अडीच लक्ष किंवा पांच लक्ष ओहम् असतो. कळ पूर्ण उघडी असतां प्रवाह सरळ बाहेर पडतो. मागें घेतली कीं त्याला कार्बनमधून वाट काढावी लागते. एवढ्यावर भागलें असतें तर नुसता जोर कमी झाला असता. जाति बिघडते ती पुढें, ध्वनिवर्धकाकडे जाणाऱ्या केबलमध्यें. या केबलच्या पोटांत एक तार, बाहेर धातूची जाळी आणि दोहोंमध्यें निरोधक वेष्टण असतें. म्हणजे ती केबल हाच एक लांबलचक कंडेन्सर होय. दर मीटरला त्याची धारणशक्ति सुमारें 100 पिकोफॅरड भरते. मंद कंपनांना अडवावें आणि द्रुत कंपनांना वाट द्यावी, हा कंडेन्सरचा स्वभाव. कार्बनमधून दमून आलेले तीव्र स्वरांश त्या वाटेनें जाळींत उतरून परत फिरतात.

पांच लक्ष ओहम्ची कळ रोधाच्या दृष्टीनें बरोबर अर्ध्यावर आणि केबल 6 मीटर असेल, तर सेकंदाला सुमारें 2,100 कंपनांच्या वरचे स्वरांश ओसरूं लागतात. गिटारची सर्वांत बारीक मोकळी तार सुमारें 330 कंपनांची. म्हणजे मूळ स्वराला धक्का लागत नाहीं. सातव्या पटीपासूनचे उपस्वर तेवढे झिजतात. पण नादाची जाति ठरते ती उपस्वरांवरच!

घरच्या रेडिओची कळ फिरवितांना असें होत नाहीं, कारण तेथें कळेपुढची तार फारच आंखूड असते. रेडिओ हळू केला म्हणजे पोकळ वाटतो हें खरें, पण तो कानाचा गुण. लहान आवाजांत कानाला खर्जाचे स्वर विशेष कमी ऐकूं येतात, हें फ्लेचर व मन्सन यांनीं 1933 सालीं दाखविलें. गिटारमध्यें हरवतात ते तीव्र स्वर, आणि तेहि कानापर्यंत पोंचण्यापूर्वींच.

उपाय लहानसा आहे. कळेच्या मागें तीन पाय असतात: एकाशीं पिकअपची तार, मधल्याशीं बाहेर जाणारी, तिसरा भूमीशीं जोडलेला. पहिल्या दोहोंमध्यें सुमारें 1,000 पिकोफॅरडचा कंडेन्सर जोडला कीं तीव्र स्वरांश कार्बन चुकवून निघतात. जकातनाक्यावर गाड्या अडाव्यात आणि पायीं चालणाऱ्यांनीं शेजारची पायवाट धरावी, तसें. मात्र कळ फार मागें घेतली तर खर्ज क्षीण होतो आणि तीव्र स्वर तसेच राहतात. सूर पातळ व किरकिरा लागतो. म्हणून कंडेन्सरला समांतर सुमारें दीड लक्ष ओहम्चा रोध जोडतात. त्यानें किरकिर शमते, पण कळ फिरवितांना आवाज पूर्वीच्या प्रमाणांत उतरत नाहीं. बोटांना नवी संवय लावावी लागते. गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार 1952 सालीं निघाली. त्या दशकांतील तिच्या जोडणींत टोनची कळ आवाजाच्या कळेच्या मधल्या पायाशीं असे. तीव्र स्वर तिच्यांतहि बरेच टिकतात. फक्त एक कळ हलविली कीं दुसरीचा परिणाम बदलतो. सर्वांत सोपा उपाय मात्र आंखूड केबलचा: 6 मीटरऐवजीं 3 मीटर घेतली तर वरची 2,100 ची मर्यादा 4,200 वर जाते.

कोणता कंडेन्सर योग्य हें पिकअप व केबल यांवर अवलंबून असल्यानें तो डाक देऊन पक्का करण्यापूर्वीं चिमट्यांच्या तारांनीं लावून, कळ निरनिराळ्या ठिकाणीं ठेवून ऐकावा. साध्या पिकअपच्या गिटारमधील वीज इतकी क्षीण असते कीं तेथें धोका नाहीं. पण व्हाल्व्हच्या ध्वनिवर्धकाचें झांकण या कामासाठीं उघडूं नये. त्याच्या आंत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरहि कांहीं काळ तो तसाच राहूं शकतो.