फोटोतील जांभळी किनार आणि मालाची किंमत

पूर्वी गिऱ्हाईक माल हातात घेऊन, उलटसुलट करून पाहत असे. आता दूरगावचा सौदा बऱ्याच वेळा फोटोवरच ठरतो. त्यामुळे फोटोतला दोष हा मालातलाच दोष समजला जातो. रत्नागिरीत चांदीकाम करणाऱ्या आमच्या एका मित्राला याचा अनुभव आला. त्याने पैंजण आणि झुमक्यांचे फोटो डिजिटल कॅमेऱ्याने काढून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठविले. उत्तर आले, "कडांना जांभळट झाक दिसते, मुलामा आहे काय?" चांदी अस्सल होती, घडण उत्तम होती, पण शंका एकदा आली की ती बोलण्याने जात नाही. माल प्रत्यक्ष नेऊन दाखवावा लागला. त्यात आठवडा गेला आणि भाव करण्याची वेळ आली तेव्हा आमचा मित्र पडत्या बाजूला होता.

दोष चांदीचा नव्हता, भिंगाचा होता. पांढरा प्रकाश अनेक रंगांचा मिळून बनतो आणि काचेतून जाताना प्रत्येक रंग सारखाच वळत नाही. निळा-जांभळा जास्त वळतो, तांबडा कमी. त्यामुळे सगळे रंग एकाच ठिकाणी जुळत नाहीत आणि जिथे काळे-पांढरे एकमेकांना भिडते त्या कडेवर रंगाची रेघ उमटते. हा दोष कॅमेऱ्याहून फार जुना आहे. काचेच्या दुर्बिणीतून तो काढताच येणार नाही असे न्यूटनचे मत झाले होते, म्हणून त्याने १६६८ साली आरशाची दुर्बीण बनविली. पुढे दोन निरनिराळ्या जातींच्या काचा एकत्र जोडून रंग जुळविण्याची युक्ती निघाली. तिचे पेटंट १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडने घेतले. हा गृहस्थ मूळचा रेशीम विणणारा कारागीर! (त्याच्या आधी चेस्टर मूर हॉल या वकिलाने तशी भिंगे करवून घेतली होती, त्यावरून पुढे कोर्टकज्जेही झाले.) आजच्या लेन्समध्येही हीच युक्ती आहे, पण ती दोष कमी करते, पूर्ण घालवीत नाही.

आपल्या फोटोत कोणता प्रकार आहे हे ओळखल्याशिवाय इलाज करू नये. फोटो संगणकावर मोठा करून पाहावा. मधोमध सर्व ठीक, पण कोपऱ्यांकडे वस्तूच्या एका बाजूला तांबडी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-निळी रेघ असेल तर तो पहिला प्रकार. लेन्सचे छिद्र लहान केले तरी तो जात नाही, मात्र संगणकावर तो सर्वात सहज निघतो. फोकसच्या पुढची वस्तू गुलाबी-जांभळी आणि मागची हिरवट दिसत असेल तर दुसरा प्रकार. येथे छिद्र लहान करणे हाच खरा उपाय.

तिसरा प्रकार आपल्या भागात फार आढळतो. भर दुपारी मिरकरवाड्यात बोटीची डोलकाठी आणि दोर आकाशाच्या पार्श्वभूमीवर टिपा, किंवा भाट्याच्या सुरूच्या झाडांचा, नारळीच्या झावळ्यांचा फोटो घ्या. कडेने जांभळी झालर हमखास दिसेल. प्रकाश इतका तीव्र असतो की तो भाग पांढराफटक होतो आणि लेन्सचा दोष उघडा पडतो. चकचकीत चांदी, स्टीलची भांडी, पांढऱ्या कापडावरची जर यांवर उन्हाची तिरीप पडली तर हेच घडते. आमच्या मित्राने दुकानाच्या दारातल्या उन्हात फोटो काढले होते.

उपाय खर्चाचे नाहीत. माल उन्हात न ठेवता व्हरांड्यात ठेवावा, किंवा उजेडाच्या बाजूला पांढरे मलमल ताणून बांधावे. छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवावे. फार लहान केले तर फोटो एकंदरीतच मऊ पडतो. उजेडाची मात्रा अर्ध्या-पाऊण स्टॉपने कमी करावी. वस्तू चौकटीच्या मध्यभागी घेऊन भोवतालचा भाग नंतर कापावा. कॅमेऱ्यात सोय असेल तर फोटो 'रॉ' स्वरूपात साठवावा. मग लाइटरूममध्ये, किंवा फुकट मिळणाऱ्या डार्कटेबल, रॉथेरपी यांसारख्या प्रोग्रॅममध्ये उरलेली रेघ काढता येते. दुकानदार अनेकदा यूव्ही फिल्टर गळ्यात मारतात; साध्या फिल्टरने हा दोष जात नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. संगणकावरील 'डीफ्रिंज' या सोयीला भिंगाचा जांभळा आणि मालाचा जांभळा यांतला फरक कळत नाही. दागिन्यात जांभळा खडा असेल किंवा साडीचा काठच जांभळा असेल, तर तो फिका, करडा होऊन बसतो. गिऱ्हाइकाला फोटोत एक रंग आणि हातात दुसरा मिळाला तर परत येणारा माल आणि गेलेला विश्वास या दोहोंचा भार आपल्यावरच पडतो. म्हणून सुधारलेला फोटो प्रत्यक्ष वस्तू शेजारी ठेवून पाहावा आणि मगच पाठवावा. शंका असेल तर किनार थोडी राहू द्यावी, रंग मात्र खरा ठेवावा.

जुनी लेन्स विकत घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी एवढे करावे. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे, कॅमेरा स्टँडवर समोर सरळ ठेवावा आणि छिद्र एकेक पायरी लहान करीत पाच-सहा फोटो घ्यावेत. झूम असेल तर दोन्ही टोकांना हेच पुन्हा करावे. नंतर चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून पाहावी. एका कोपऱ्यात रंग जास्त आणि समोरच्या कोपऱ्यात कमी दिसला, तर कॅमेरा भिंतीला नीट समांतर होता याची खात्री करून फोटो परत घ्यावेत. तरीही फरक राहिला तर आतले भिंग जागेवरून सरकले असण्याचा संभव आहे. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.