कर्कश गाण्याचें न्याय्य परीक्षण



नायगांवाहून मुंबईकडे निघालेली लोकल खाडीवर आली म्हणजे डब्यांतलें संभाषण क्षणभर बुडून जातें. नवख्या प्रवाशास तो नुसता खडखडाट वाटतो. रोजच्या प्रवाशास मात्र डोळे मिटूनहि कळतें कीं, पहिला पूल संपला, पांजू बेट आलें, आतां दुसरा पूल लागला. आवाज तोच, फरक कानाच्या सवयीचा. 'डेथ मेटल' या पाश्चात्य संगीतप्रकाराचें असेंच आहे. मुलाच्या खोलींतून तो ऐकूं आला कीं वडील माणसें त्यास गोंगाट म्हणतात, आणि मुलगा त्यास अलौकिक म्हणतो. परीक्षण दोघेहि करीत नाहींत. तें कसें करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

हा प्रकार 1980 च्या दशकांत अमेरिकेंत, विशेषतः फ्लॉरिडांत, आकारास आला. 'डेथ' या वाद्यवृंदाचा 'स्क्रीम ब्लडी गोर' हा अल्बम 1987 सालचा. खालच्या सुरांत लावलेल्या गिटारी, गुरगुरणारा गळा आणि मोठ्या ढोलावर दोन्ही पायांनीं पडणारे ठोके हें त्याचें बाह्य रूप. मिनिटास 200 मात्रांची लय धरून दर मात्रेस चार ठोके दिले, तर सेकंदास तेराहून अधिक ठोके पडतात. पुढें याच्या अनेक शाखा झाल्या. त्यांतल्या तीन येथें घेऊं, आणि प्रत्येकीची कसोटी निराळी आहे.

पहिली शाखा तंत्रप्रधान. 'डेथ'चा 'ह्यूमन' (1991) किंवा जर्मनीच्या 'नेक्रोफेजिस्ट'चा 'एपिटाफ' (2004) हे तिचे नमुने. येथें आपला तानेचा न्याय लावावा. तान कितीहि अवघड असो. समेवर येतांना तिनें रागाचें रूप उजळलें काय, हा प्रश्न. शिवाय ढोलाचा प्रत्येक ठोका आतां यंत्राच्या साह्यानें सारखा करतां येतो. म्हणून केवळ वेगास पराक्रम मानूं नये.

दुसरी शाखा उग्र, म्हणजे 'ब्रूटल'. न्यूयॉर्ककडील 'सफोकेशन'चा 'एफिजी ऑफ द फरगॉटन' (1991) हा तिचा एक आद्य अल्बम. मुंबईच्या 'गटस्लिट'नें 2017 सालीं 'अँप्युथिएटर' काढला. येथें माधुर्य शोधणें व्यर्थ आहे, वजन पाहावें. धांवती लय एकाएकीं निम्म्यावर येते, तो क्षण नेमका साधला काय? पण या शाखेंत परीक्षकाची खरी परीक्षा शब्दांपाशीं होते. देहाच्या चिरफाडीचीं वर्णनें येथें नेहमींचीं, आणि पुष्कळदां बळी स्त्री असते. गुरगुरण्यांत शब्द कळत नाहींत, ही सबब परीक्षकास चालणार नाहीं. त्यानें ते वाचलेच पाहिजेत. भरतानें भयानक व बीभत्स यांस रसांत स्थान दिलें आहे, हें खरें. परंतु भयाचें दर्शन निराळें आणि दुसऱ्याच्या विटंबनेंतला आनंद निराळा. हा भेद जो सांगत नाहीं, तो परीक्षक नव्हे, विक्रेता होय.

तिसरी शाखा प्रागतिक. फ्लॉरिडाच्या 'सिनिक'चा 'फोकस' (1993) आणि स्वीडनच्या 'ओपेथ'चा 'ब्लॅकवॉटर पार्क' (2001) हे तिचे मान्यवर अल्बम. सात किंवा दहा मात्रांचें चलन पाहून तिकडे आश्चर्य करतात. रूपक व झपताल ऐकलेल्या आपल्या कानांनीं तेवढ्यावर भुलूं नये. पाहावयाचें तें हें कीं, गाण्याचा पुढला भाग मागल्यांतून उगवला आहे, कीं नुसता शेजारीं ठेवला आहे. मुंबईंत 2000 सालीं निघालेल्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'चा 'दशावतार' (2017) निव्वळ या शाखेचा नव्हे, तरी याच कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे. त्यांत दहा गाणीं, दर अवतारास एक. नांवें झांकून ऐकलीं असतां नरसिंह कोणता आणि वामन कोणता, हें केवळ नादावरून ओळखतां येतें काय?

म्हणून कोणताहि अल्बम तीनदां ऐकावा: एकदां सलग, एकदां एकाच वाद्याकडे लक्ष ठेवून, आणि एकदां शब्द समोर घेऊन. मग खुशाल दोष द्यावा. आणि ज्या वडिलांस इतका वेळ नाहीं, त्यांनीं मुलास एवढेंच विचारावें: "बाळ, यांत पहिला पूल कोठें संपला?" त्यास उत्तर देतां आलें तर तो खरोखर ऐकत आहे. न आलें, तर दोघांनींहि मिळून पुन्हा ऐकावें.